‘मग कुणाची आहे ही?’ : एस्त्रेमादुरातला जनावरांचा दवाखाना आणि आमची काडी

मी या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या आधी नंबर होता एका मेंढीचा. मेंढी व्हॅनमध्ये, तिचा मालक दारात सिगारेट ओढत उभा, आणि मी आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर एका अनोळखी कुत्रीला सोलापुरी चादरीत गुंडाळून बसलेले. काउंटरवरच्या बाई स्वतःच बाहेर आल्या. वेळ घेतलीय का? नाही. कुत्रीचं नाव? नाही. तुमची आहे? नाही. त्यांनी पेन कानामागे खोचलं आणि विचारलं, "मग कुणाची आहे ही?"

पुढच्या दीड महिन्यात हाच प्रश्न मला शेजारणीने, आयुंतामिएंतोतल्या (म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीतल्या) कारकुनाने, ग्वार्दिया सिव्हिलच्या (इथल्या एका पोलीस दलाच्या) हवालदाराने आणि पिंजऱ्याची गाडी घेऊन आलेल्या माणसाने विचारला. त्यामुळे हे परीक्षण एका दवाखान्याचं असलं तरी बाकीच्यांचा हिशेबही थोडा निघणारच. नावं कुणाचीच देत नाही. आमचं गाव कासेरेस प्रांतात आहे, वस्ती तीनशेच्या आत, आणि इथे नाव न घेताही सगळ्यांना सगळं कळतं.

एस्त्रेमादुरा हा स्पेनचा पोर्तुगालला चिकटलेला भाग. पिवळं गवत, मधूनमधून ओकची काळपट झाडं, झाडांखाली काळी डुकरं. नवरा सौरप्रकल्पावर कामाला म्हणून आम्ही इथे. मी मूळची जतची, त्यामुळे ओसाड माळ बघून मला उदास वगैरे वाटत नाही, उलट माहेरी आल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. बदाम फुलले होते, चर्चच्या मनोऱ्यावर करकोचे परत आले होते आणि थंडी मात्र हटत नव्हती. शेगडीसाठी लाकडं आणायला परसात गेले, तर ढिगामागे ही. रंग ओल्या सालीसारखा, त्यावर पट्टे, मांडीवर तारेने कापल्याची जखम, बरगड्या लांबूनही मोजता येतील अशा. आणि मला एकदम आजोबांची कारवानी, म्हणजे मुधोळ जातीची, कुत्री आठवली. तेच लांब तोंड, तीच आत गेलेली पोटाची कमान, तेच काटकुळे पाय. मुधोळ आमच्याकडून काही फार लांब नाही; आमच्या भागात धनगरांच्या वाड्यावर ही कुत्री मी लहानपणापासून बघत आलेय. इथे त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या या जातीला गाल्गो म्हणतात. घरात दुसरं काही नव्हतं, अर्धी वाटी दहीभात ठेवला. मी आत गेल्यावर तिने तो खाल्ला आणि वाटी चाटून पुसून ठेवली.

समोरच्या आजी खिडकीतूनच ओरडल्या, "खायला घालू नकोस पोरी, मग जायची नाही ती!"

आपल्याकडे यात काहीच घडलेलं नाही. सांगलीत काय, पुण्यात काय, गल्लीतलं कुत्रं म्हणजे गल्लीचं. कुणी पोळी टाकतं, कुणी हाड्‌ करतं, मालक कोण हे विचारायची वेळ येत नाही. आपले २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, याच समजुतीवर उभे आहेत. इथे ‘गल्लीचं कुत्रं’ ही जातच नाही. कुत्रं कुणाचं तरी असतं, नाहीतर हरवलेलं असतं, नाहीतर टाकलेलं. स्पेनचा प्राणीकल्याणाचा नवा कायदा २०२३ च्या २९ सप्टेंबरपासून लागू झाला. त्यानुसार बेवारस जनावर उचलणं ही गावच्या पालिकेची जबाबदारी आहे आणि जनावर टाकून देण्याला १०,००१ ते ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. शिकारीची कुत्री मात्र त्या कायद्यातून वगळलीयत. गाल्गो हे सशामागे सोडायचं कुत्रं. म्हणजे पळवाट ठेवली ती नेमकी सगळ्यात वेगाने पळणाऱ्यालाच.

सशाच्या शिकारीचा हंगाम जानेवारीअखेर संपतो. हंगाम संपला की जी कुत्री कामाची वाटत नाहीत त्यांतली काही रस्त्यावर दिसू लागतात, आणि म्हणूनच फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोठ्या शहरांत या प्रकाराविरुद्ध मोर्चे निघतात. सगळेच शिकारी तसे नसतात हेही सांगते. आमच्या गावात दोघांकडे गाल्गो आहेत आणि ती कुत्री माझ्यापेक्षा वेळेवर जेवतात. त्यांतले एक काका मुद्दाम बघायला आले, लांबूनच तिची मांडी आणि पाठ न्याहाळली आणि म्हणाले, "आपल्या गावची नाही. पळणारी आहे पण. कुणाची आहे?"

आता आधी वाईट अनुभव उरकते. पालिकेची कुत्री उचलण्याची सेवा: पाचपैकी दीड. आमच्या आयुंतामिएंतोत सचिव दोनच दिवस येतात, बाकीचे दिवस दुसऱ्या गावांत. सोमवारी फोन केला, तर उत्तर मिळालं की हे काम आजूबाजूच्या गावांनी मिळून एका ठेकेदाराला दिलंय, निरोप पोचवतो, तोवर तुम्ही कुत्रीला बंदिस्त ठेवा. आता जी कुत्री माझ्यापासून वीस पावलांच्या आत येत नाही ती बंदिस्त कशी ठेवायची, हे विचारल्यावर पलीकडून खांदे उडवल्याचा आवाज फोनवरही ऐकू आला. गाडी नवव्या दिवशी आली. तोवर काडी (हे तिचं आम्ही ठेवलेलं नाव) आमच्या सोफ्यावर होती. त्या माणसाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘मास्तिन, नर’. मास्तिन म्हणजे मेंढरं राखणारा अस्वलाएवढा कुत्रा. त्याने कागद बघितला, काडीकडे बघितलं, मला ‘कुणाची आहे’ विचारलं आणि सही घेऊन गेला. वरचा अर्धा गुण का दिला? तर तो माणूस भला होता. नव्वद किलोमीटरवरच्या केंद्रात आधीच जागा नाही, ठेवता येत असेल तर ठेवा, हे त्याने मला स्पष्ट सांगितलं.

तिला पकडण्याची गोष्ट दवाखान्याशी संबंधित नाही, पण ज्यांच्या दारात असं कुत्रं येऊन बसलंय त्यांच्या उपयोगाची आहे. मागे धावू नका. ही जात तासाला साठ किलोमीटरच्या आसपास पळते, तुम्ही कोण? आजोबांची पद्धत अशी होती की बुजलेल्या कुत्र्याकडे पाठ करून बसायचं, भाकरीचे तुकडे आपल्या मागे टाकत राहायचं आणि वळून बघायचं नाही. मी भाकरीऐवजी उकडलेली कोंबडी वापरली आणि पाठ करून लॅपटॉपवर ऑफिसचं काम केलं. चौथ्या दिवशी माझ्या मानेवर ओलं नाक लागलं. दुसरं असं, की साधा पट्टा उपयोगाचा नाही. गाल्गोची मान डोक्यापेक्षा जाड असते, मागे सरकली की पट्टा तिच्या पायाशी आणि ती पोर्तुगालात. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा लागतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात. जोडीला छातीचा हार्नेस आणि दोन्हींना एकेक दोरी. हे मला दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनीच फोनवर सांगितलं, मी त्यांची गिऱ्हाईक नसताना. दवाखान्याला पहिला गुण मी तिथेच दिला.

दवाखाना आमच्या गावापासून पंचवीस मिनिटांवर, बाजाराच्या गावी आहे. दोन डॉक्टर. एक अर्धा दिवस गाई-मेंढ्यांच्या मागे असतात, दुसऱ्या डॉक्टरीणबाई कुत्री-मांजरं बघतात, पण अडलेली गाय आली तर त्याही उठतात. भिंतीवर पाइनवरच्या सुरवंटांचं मोठं चित्र आहे. हे केसाळ सुरवंट हिवाळा सरताना झाडावरून उतरून आगगाडीसारखे एकामागे एक चालतात आणि कुत्र्याने त्यांना तोंड लावलं तर जीभ सडू शकते. आम्ही रोज ज्या वाटेने फिरायला जायचो तिथे पाइनची रांग आहे. वाट बदलली.

डॉक्टरीणबाईंनी आधी चिप शोधली, म्हणजे मालकाची ओळख पटावी म्हणून कातडीखाली टोचलेला बारीक दाणा. चिप वाचायचे पैसे घेत नाहीत. यंत्र मानेच्या डाव्या बाजूवरून फिरवलं, मग उजवीकडून, मग खांद्यांवरून, मग पार पाठीपर्यंत, कारण कधीकधी चिप कातडीखाली सरकते. यंत्र गप्प. मग कानांच्या आत गोंदण आहे का ते पाहिलं. मानेवर डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक व्रण होता. मी लगेच म्हटलं, "चिप कापून काढली असणार!" कारण असं करणाऱ्यांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. त्या म्हणाल्या, "असेल. काटाही लागला असेल. मला जे माहीत नाही ते मी लिहीत नाही." आणि कागदावर फक्त लिहिलं: चिप नाही, मानेवर जुना व्रण. त्या क्षणी मला राग आला होता. आता वाटतं, डॉक्टर निवडावा तो असाच.

वय दातांवरून तीन. वजन साडेसतरा किलो, हवं तेवीसच्या आसपास. एकदम भरपूर घालू नका, थोडं थोडं पाच वेळा, असं बजावलं. मांडीची जखम धुऊन टाके घातले. अँटिबायोटिक लिहिताना मात्र डॉक्टरीणबाई पाच मिनिटं कॉम्प्युटरशी भांडत होत्या, कारण २०२५ पासून अशा प्रत्येक औषधाची सरकार दरबारी नोंद करावी लागते. "मी शिकले जनावरांसाठी," असं काहीसं त्या पुटपुटल्या. ‘काहीसं’ म्हणते, कारण इथली माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात आणि माझं स्पॅनिश पुस्तकी आहे.

टाके घालताना तिचा दात माझ्या मनगटाला लागला. अगदी ओरखडा, पण मी भारतातून आलेली बाई. घाम फुटला. रात्री आईला फोनवर सांगितलं, तर तिने थेट पोटातली चौदा इंजेक्शनं काढली. "आई, चौदा आता भारतातसुद्धा देत नाहीत गं." "तुला काय माहीत? शेजारच्या वाड्यात..." असो. डॉक्टरीणबाईंनी ओरखडा साबणाने धुवायला लावला आणि शांतपणे सांगितलं की स्पेनच्या मुख्य भूमीवर १९७८ पासून कुत्र्यांत रेबीज नाही. मध्ये २०१३ साली तोलेदोला एक कुत्रा सापडला होता, तो मोरोक्कोहून आजार घेऊन आलेला. सेउता आणि मेलिया या आफ्रिकेतल्या दोन स्पॅनिश शहरांची गोष्ट वेगळी. तरी माझी धनुर्वाताची सुई कधी झाली ते विचारून त्यांनी मला माणसांच्या दवाखान्यात पाठवलंच.

खरी भीती वेगळीच निघाली. डॉक्टरीणबाईंनी काडीची नखं दाखवली, गरजेपेक्षा लांब आणि वाकडी. डोळ्यांभोवती कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे. थेंबभर रक्त घेतलं, दहा मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ उमटली. लेशमानिया. हे नाव ऐकून मी गप्प झाले, कारण शाळेत काळा आजार शिकलेला. बिहारातला काळा आजार याच कुळातल्या जंतूचा. फरक असा, की आपल्याकडे वाळूमाशी तो माणसाकडून माणसाकडे नेते आणि इथे त्या जंतूचं कोठार कुत्रं आहे. कुत्रंच असं नाही. माद्रिदच्या शेजारच्या फुएनलाब्रादा शहरात २००९ पासून माणसांत शेकडो रुग्ण निघाले तेव्हा शोध घेता घेता जवळच्या नव्या उद्यानातले ससे सापडले. हे ऐकल्यावर मी काडीकडे बघितलं. बिचारीने आयुष्यभर ससेच धरले होते.

यातून ती पूर्ण बरी होईल असं त्यांनी सांगितलं नाही. जंतू अंगात राहतो, दाबून ठेवता येतो, मूत्रपिंडं जपावी लागतात, दर सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासायची. रक्त प्रयोगशाळेत पाठवलं, आकडे फार वाईट आले नाहीत. चार आठवडे रोज एक तोंडाने द्यायचं द्रावण आणि पुढे कितीतरी महिने सकाळ-संध्याकाळ अ‍ॅलोप्युरिनॉल. नाव वाचून हसू आलं. माझे वडील जतमध्ये युरिक अ‍ॅसिडसाठी हीच गोळी घेतात. आता सकाळी व्हिडिओ कॉलवर दोघंही गोळी घेतात आणि दोघंही तोंड फिरवतात. पथ्यही सारखंच: कलेजी बंद, कारण या गोळीबरोबर तसलं खाणं दिलं तर कुत्र्याला मूतखडा होऊ शकतो. ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोनदा अधोरेखित करून दिली. नाहीतर मी तिला अंगात रक्त भरावं म्हणून कोंबडीची कलेजीच उकडून घालत होते.

पहिल्या दिवसाचं बिल: तपासणी आणि टाके ३० युरो (हे मला कमीच वाटलं), लेशमानियाची चाचणी ३५, रक्ताच्या इतर तपासण्या ६०, जंत आणि गोचिडांची औषधं २५. झाले १५०. त्यावर कर २१ टक्के, म्हणजे ३१.५०. एकूण १८१.५०. जनावराच्या उपचारावर चैनीच्या वस्तूसारखा कर लावतात याबद्दल इथले डॉक्टर आणि गिऱ्हाइकं दोघंही शिव्या घालतात, आणि त्यात मी मनापासून सामील आहे. युरोला रुपयांनी गुणायची सवय मी दोन वर्षांपूर्वी सोडली होती. त्या दिवशी पार्किंगमध्ये बसून पुन्हा गुणलं.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, आता माझ्या नावाने चिप घाला. त्या म्हणाल्या, नाही. म्हटलं, पैसे मी भरतेय, औषध मी देतेय, रात्री ती माझ्या पायाशी झोपतेय. नाही. बेवारस जनावर पालिकेच्या ताब्यातलं मानलं जातं. मालक पुढे यायला मुदत द्यावी लागते, नाहीतर उद्या खरा मालक उभा राहिला तर तुम्ही चोर आणि मी साथीदार. त्यांनी स्वतः ग्वार्दिया सिव्हिलच्या निसर्गरक्षण पथकाला, म्हणजे सेप्रोनाला कळवलं, माझ्यासाठी आयुंतामिएंतोला द्यायचा अर्ज लिहून दिला आणि तात्पुरता सांभाळ माझ्याकडे राहील असा कागद मिळवून दिला. याचे पैसे लावले नाहीत. आयुंतामिएंतोने तीन आठवडे थांबवलं. त्या तीन आठवड्यांत दारावर थाप पडली की माझ्या पोटात गोळा यायचा. कुणीही आलं नाही.

मार्चमध्ये चिप घातली. पंधरा आकडी नंबर, स्पेनचा म्हणून ७२४ ने सुरू होणारा. लस झाली, निळा युरोपीय पासपोर्ट मिळाला. माझ्या रहिवासी कार्डाला आठ महिने लागले होते, हिचं सगळं महिन्याभरात. नाव विचारलं तेव्हा ‘काडी’ सांगितलं. स्पॅनिश कानाला ते ‘कादि’ ऐकू येतं, म्हणून काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कादिस शहरावरून ठेवलं का? मी काडेपेटी दाखवून खुलासा केला. फाइलवर तरीही ‘कादिस’च आहे.

तक्रारी आहेत. दुपारी दोन ते पाच फोन उचलत नाहीत, मरत असाल तरी. वेळ घेऊन गेलात तरी गाय अडली असेल तर तुमची वेळ गाईची. एकदा आम्ही सव्वा तास बसलो आणि डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. वासरू झालं होतं, त्यामुळे भांडताही येईना. अंगणात मेंढ्यांच्या व्हॅन उभ्या असतात, तिथे गाल्गोला गाडीतून उतरवणं म्हणजे दोन दोऱ्यांची परीक्षा. वाळूमाशी दूर ठेवणारा डेल्टामेथ्रिनचा पट्टा त्यांच्याकडे बाहेरपेक्षा सहा युरोंनी महाग आहे. मी तो ऑनलाइन घेते आणि त्यांना तसं सांगतेही, त्या रागावत नाहीत. मे ते ऑक्टोबर हा पट्टा लागतोच, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला कुत्रं घरात घ्यायचं. रात्रीची सेवा फोनवरच आहे. खरंच काही गंभीर झालं तर कासेरेस गाठावं लागतं, आमच्याकडून तो रस्ता रात्री तासाभराचा आणि त्यावर रानडुकरं आडवी येतात.

दवाखान्याला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो दुपारच्या फोनसाठी.

कुणाला जायचं असेल तर बुधवार टाळा, तो मेंढ्यांचा दिवस. सकाळी साडेनऊला गेलात तर नंबर लवकर लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंत तर रात्री उशिरा का होईना आवाजी निरोप येतो. तो दोनदा ऐका, शेवटचे ‘स’ मनानेच घाला. काडीची पुढची तपासणी सप्टेंबरात आहे. वजन काल बाथरूमच्या काट्यावर तिला उचलून घेऊन केलं आणि माझं वजा केलं. बावीस भरलं. माझं किती ते लिहीत नाही.